खिडकीकडचा बेड

फरशी बसवणाऱ्या माणसाला सगळं जग सरळ हवं असतं. हा फरशीवाला तर त्या बाबतीत पार हाताबाहेर गेलेला. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा यायच्या आधी त्याचा पाय जमिनीवरून हळूच फिरायचा, आणि एखादी फरशी केसभर वर आलेली सापडली की बिचाऱ्याला बिस्किटही गोड लागायचं नाही. वीतभर लांबीची स्पिरिट लेव्हल, म्हणजे सपाटी मोजायची काचेची नळी बसवलेली पट्टी, कायम खिशात. त्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला की याच्या जिवात जीव यायचा.

त्याच्या बायकोला मात्र कॅम्पर हवा होता. म्हणजे चाकांवरचं घर. आत चौघांची झोपायची सोय, ओटा, सिंक, जेवायला दुमडतं टेबल. सुट्टी लागली की मुलींना घेऊन निघायचं आणि आवडेल तिथे मुक्काम ठोकायचा, एवढंच तिचं स्वप्न. सहा वर्षं ती दोघं रविवारी जुन्या कॅम्परच्या यार्डात खेटे घालत होती. तिची तपासायची पद्धत ठरलेली होती. चपला दाराशी काढायच्या, सरळ मागच्या बेडवर आडवं व्हायचं आणि खिडकीतून बाहेर बघत राहायचं.

"हाच घेऊ या रे," ती पडल्या पडल्या म्हणायची.

तोवर इकडे ओट्यावर लेव्हल ठेवून झालेली असायची. "गाडी कलती आहे. सांगाडाच वाकलेला असणार. चल, पुढची बघू."

असे एकोणीस कॅम्पर त्याने नाकारले. एकोणीस! "लग्नाच्या वेळी इतकी चिकित्सा केली असतीस तर मी तरी सुटले असते," असं म्हणून ती हसायची. मग एका वर्षी ते हसणंही थांबलं. दुखणं आलं आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी तो एकटाच यार्डात गेला. विसाव्या कॅम्परच्या ओट्यावर त्याने लेव्हल ठेवली. बुडबुडा नेहमीसारखा एका टोकाला. दाराशी उभा असलेला म्हातारा यार्डवाला इतकी वर्षं हे बघत आला होता. आज त्याला राहवलं नाही.

"एक विचारू, दादा? दर वेळी ते काय ठेवून बघता?"

"गाडी सरळ आहे का ते."

"अहो, पण सरळ कशी असेल? पाणी साचू नये म्हणून आख्खं यार्डच उतारावर केलंय. कॅम्पर उभा कराल तिथे चाकाखाली ठोकळे घालून सरळ करायचा असतो. दर मुक्कामाला नव्याने. पाच मिनिटांचं काम आहे."

म्हातारा सहज बोलून गेला, पण याच्या कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. एकदा बसवलं की कायमचं, असंच काम त्याने जन्मभर केलं होतं. दर मुक्कामाला नव्याने सरळ करावी लागणारी वस्तू असू शकते हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. म्हणजे एकोणीसच्या एकोणीस कॅम्पर चांगले होते. पहिलाच चांगला होता. त्याने हा विसावा घेतला, पहिल्या वळणावर रस्त्याच्या कडेला उभा केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडला.

पुढचे सहा महिने कॅम्पर घरासमोर नुसता उभा होता. घरात दोन मुली. पंधरा वर्षांची थोरली कशीबशी सावरत होती. सात वर्षांच्या धाकटीची झोप मात्र आईबरोबरच गेली होती. रात्रभर डोळे उघडे ठेवून पडून राहायची आणि शाळेत बाकावर कोसळायची. औषधं झाली, डॉक्टर झाले. शेवटी तिच्या मावशीने विषय काढलाच.

"भावोजी, राग मानू नका. तुम्ही दिवसभर लोकांच्या घरी जमिनीवर वाकलेले. हिच्याकडे बघणार कोण? माझं घर मोकळं आहे. हिला माझ्याकडे द्या."

मावशीचं चुकत नव्हतं, म्हणून तर त्याला ते जास्त लागलं. त्याने सुट्टीतले चार दिवस मागून घेतले. मुलींना कॅम्परमधून तळ्याकाठी नेतो, म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारी मावशीने तिथे यायचं. तोवर धाकटी झोपायला लागली तर ती राहील, नाहीतर मावशीबरोबर जाईल. हे कबूल करून तो बसला खरा, पण पोर हातची जाणार या विचाराने त्याला घास गिळवेना.

तळ्याकाठची जागा छान होती. कडक जमीन, मागे उंच झाडं, समोर पाणी. त्याने कॅम्पर उभा केला आणि चाकांखाली ठोकळे घातले. बुडबुडा मधोमध. मग मुलींनी जागा वाटून घेतल्या. वरचा बंक थोरलीला, खालचा धाकटीला, आणि टेबल दुमडून होणारा बेड बाबाला. मागचा खिडकीकडचा मोठा बेड तेवढा कुणी मागितला नाही. थोरलीने त्यावर बॅगा टाकल्या, तर धाकटीने एकेक करून सगळ्या खाली उतरवल्या.

"तिथे नको ठेवू, ताई."

"का गं?"

"जागा लागेल," एवढंच ती म्हणाली.

दुपारी त्याने सवयीने ओट्यावर लेव्हल ठेवली. बुडबुडा दोन रेघा पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या दिशेने सरकला होता. बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे पळतो. म्हणजे गाडी मागे दबली होती. तो बाहेर जाऊन चारही चाकं बघून आला. टायरमध्ये हवा नीट, ठोकळे जागच्या जागी, जमीन दगडासारखी. मुली दोघी पाण्यात पाय सोडून बसलेल्या. आत चिटपाखरू नव्हतं. त्याने मागच्या चाकाखाली एक फळी घातली आणि गाडी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुन्हा एक फळी. बुडबुडा मध्ये आला तेव्हा त्याने थोरलीला हाक मारली.

"जरा मागच्या बेडवर आडवी हो बघू."

"बाबा, सुट्टीत तरी ते खिशात ठेव ना," ती कुरकुरली, पण जाऊन पडली. आता आईचे कपडे तिला होऊ लागले होते. ती पडली तसा बुडबुडा दोन रेघा पुढे सरकला. अगदी कालच्याइतकाच.

"ऊठ आता. बाहेर जा."

ती उठून बाहेर गेली. बुडबुडा मागे यायला हवा होता. तो हलला नाही. फरशीवाला ओट्यापाशी वाकून मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजत राहिला, आणि शंभर झाले तेव्हा लेव्हल उचलून त्याने खिशात टाकली.

थोरली दारातच उभी होती. "चादर गरम होती, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली.

त्या दुपारी धाकटी झोपली. मागच्या बेडवर, स्वतःहून, सात महिन्यांत पहिल्यांदा गाढ. फरशीवाल्याला इतका आनंद झाला की तो पाय न वाजवता तिच्या उशापर्यंत गेला. मग त्याच्या लक्षात आलं की आख्खा बेड मोकळा असूनही ती एका कडेला अंग चोरून निजली आहे. खिडकीकडची अर्धी बाजू तिने सोडली होती आणि एक हात त्या रिकाम्या जागेवर टाकला होता.

उठल्यावर त्याने विचारलं, "अशी कडेला का झोपलीस, बाळा?"

"आईला खिडकी लागते ना," ती म्हणाली. 'एवढंही कळत नाही?' असा तिचा चेहरा होता.

तो घाबरला, पण खोटं कशाला, थोडा सुखावलाही. पोर झोपली होती. आता मावशी काय म्हणणार होती? बायको परत आली असेल तर बिघडलं काय, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. आणि मग थोडी असूयाही वाटली. ती आली, मुलीला भेटली, आपल्याला मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी उठलीच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी दूध दिलं, तर दोन घोट घेऊन परत आडवी झाली. तळ्यावर चल म्हटलं, तर डोळे न उघडता मान हलवली. दुपारी तिला जागं करायला पाच मिनिटं लागली, संध्याकाळी दहा. चेहऱ्यावर हसू होतं, पण ओठ सुकलेले. जी झोप त्याने झोळी पसरून मागितली होती ती आता त्याच्या पोरीला सोडत नव्हती. तो वेड्यासारखा मागच्या चाकांखाली ठोकळे घालत सुटला. गाडी सरळ झाली की बायको निघून जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. तो एक ठोकळा घालायचा आणि तासाभरात गाडी तेवढीच पुन्हा दबायची.

चौथ्या दिवशी दुपारी मावशी आली. "झोपली? खरंच झोपली?" तिचा चेहरा उजळला. ती आत गेली, भाचीला हाक मारली, गालावर थोपटलं, खांदा हलवला. पोर ढिम्म. तिच्या कपाळावरून हात फिरवायला मावशी बेडवर पलीकडे वाकली, आणि दुसरा हात तिने खिडकीकडच्या उशीवर टेकवला. पण भाजल्यासारखा तिने तो लगेच मागे घेतला. त्या उशीवर डोक्याएवढा खड्डा पडलेला होता.

"भावोजी, हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. मी घेऊन जाते."

त्याने धाकटीच्या अंगाखाली हात घातले. सिमेंटची पोती खांद्यावरून जिने चढवणारा माणूस तो. सात वर्षांची पोर त्याला उचलेना. पलीकडून कुणीतरी तितक्याच मायेने धरून ठेवावं तसं तिचं अंग जागचं हललं नाही.

मग तो खाली बसला. कॅम्परच्या जमिनीवर, गुडघे मोडून, कामाला बसतो तसा. थोरली आणि मावशी बघत होत्या, पण त्याने त्यांची लाज धरली नाही.

"चूक माझी आहे," तो रिकाम्या बाजूकडे बघून म्हणाला. "सहा वर्षं तू मागत होतीस आणि मी नाही म्हणत होतो. गाड्या सगळ्या चांगल्या होत्या गं. मलाच कळलं नाही. साधी गोष्ट होती, मी कुणाला विचारलीसुद्धा नाही. तू हसत राहिलीस, आणि मला वाटलं अजून खूप रविवार आहेत." त्याने बेडच्या कडेवर हात ठेवला. "ही गाडी तुझी. मी विकणार नाही. तुला घालवायला ती सरळही करणार नाही. पण हिला सोड. तुझी आठवण येते म्हणून ही झोपत नव्हती, आता तुझ्याजवळून उठत नाही. तू माझ्यावर रागावून गेली असशील तर मला धर. हिला सोड."

तो बाहेर गेला आणि मागच्या चाकांखालचे ठोकळे एकेक करून काढू लागला. एक, दोन, चार, सहा. दर ठोकळ्याला कॅम्पर कण्हल्यासारखा आवाज करून मागे बसत होता. मावशीला वाटलं, याचं डोकं फिरलं. शेवटचा ठोकळा निघाला तेव्हा गाडी चांगलीच कलती झाली होती, आणि आपल्या हाताने असं वेडंवाकडं काम त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं.

आतून पावलं वाजली. धाकटी दारात आली. केस विस्कटलेले, गालावर चादरीचे वळ.

"बाबा, भूक लागली."

तिने तीन अंडी खाल्ली आणि ब्रेड संपवला. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिली होती. खाऊन झाल्यावर तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि ज्या प्रश्नासाठी ती आली होती तो विचारला.

"मग येतेस ना माझ्याकडे राहायला?"

धाकटीने मान हलवली. "मी बाबाजवळ झोपणार. आईने सांगितलंय."

"काय सांगितलंय आईने?" मावशीने विचारलं.

"म्हणाली, बाबाजवळ जाऊन झोप. आणि त्याला सांग, रोज सकाळी चादर चुरगाळत बसू नकोस म्हणावं."

"कसली चादर?" थोरलीने विचारलं.

फरशीवाल्याने हातातला कप खाली ठेवला. सात महिने तो आपल्या पलंगावर झोपलाच नव्हता. मुलींचे दिवे मालवले की बाहेरच्या खोलीत उघड्या फरशीवर जाऊन पडायचा आणि डोळे टक्क उघडे ठेवून उजाडायची वाट बघायचा. मुली उठायच्या आधी आपल्या खोलीचं दार लावून पलंगावरची चादर चुरगाळायचा, स्वतःच्या उशीवर मुठीने खड्डा करायचा आणि मग दार उघडायचा. बाबा नीट झोपतो, असं पोरींना वाटावं म्हणून. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्याने फक्त धाकटीकडे हात पसरले आणि ती मांडीवरून उतरून त्याच्याकडे गेली. मावशीने त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि ती उठली. भाचीसाठी आणलेली नवी उशी तिने आपल्या गाडीतून काढून त्याच्या हातात दिली आणि ती एकटीच परत गेली.