एका दिवसाला एकच हट्ट

राहीबाई चौथीनंतर कुठल्याच परीक्षेला बसल्या नव्हत्या. ती वेळ आली बासष्टाव्या वर्षी, आणि तीही भर समुद्रात.

झालं असं, की त्यांच्या मुलाला, प्रसादला, मस्कतची नोकरी लागली. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करण्यात पंधरा वर्षं घासलेल्या माणसाला तिकडे दुप्पट पगार मिळणार होता. सून क्षिप्रालाही त्याच कंपनीत काम मिळालं. करार दोन वर्षांचा. प्रश्न उरला पोरांचा. अकरा वर्षांचा राजवर्धन आणि आठ वर्षांची गीतांजली, म्हणजे घरचे राजू आणि गीतू. त्यांनी सानपाड्याच्या घरी आजीजवळ राहायचं, की पाचगणीला बोर्डिंगमध्ये?

राहीबाईंच्या मते हा प्रश्नच नव्हता. दोन्ही पोरं त्यांच्याच मांडीवर वाढली होती. आईबाप सकाळी आठला जे बाहेर पडत, ते दिवेलागणीनंतर उगवत. मधला सगळा दिवस आजीचा.

“आई, तुमच्या मायेबद्दल प्रश्नच नाही,” क्षिप्रा म्हणाली. “पण तुम्हाला नाही म्हणता येत नाही. राजूच्या दोन दाढा किडल्यात. गीतूला रोज संध्याकाळी खाली दुकानात न्यावंच लागतं. आम्ही इथे असून ही तऱ्हा, मग आम्ही नसताना?”

हे खोटं नव्हतं. दुधापेक्षा साय गोड म्हणतात, आणि राहीबाईंना तर साय वाढताना हाताला आवरच नव्हता. सून बोलते ते खरं आहे हे कळत होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मग प्रसादने तोड काढली. देश सोडण्याआधी एप्रिलमध्ये क्रूझवर जायचं ठरलंच होतं. मुंबईहून निघून लक्षद्वीप करून परत, चार रात्री. “बोटीवर पोरांचा खाऊ, खर्च, सगळं तू बघायचं, आई. नीट जमवलंस तर पोरं तुझ्याजवळ राहतील. बस?”

“चार दिस काय, चार वर्सं बगीन,” राहीबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या लाडवांचा डबा न घेता प्रवासाला निघाल्या.

बोटीवर रोख पैसा चालत नव्हता. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. खोलीचं दार त्यानेच उघडायचं आणि काही विकत घेतलं तरी तेच यंत्राला लावायचं, पैसे शेवटी खोलीच्या बिलात. जेवणखाण तिकिटात होतं, पण आइस्क्रीम, सरबतं आणि गेमची मशिनं यांचं वेगळं पडे. पोरांच्या कार्डांवर प्रसादने दिवसाला तीनशेची मर्यादा घालून घेतली. आईच्या कार्डाला मर्यादा कशाला, म्हणून ते तसंच राहिलं.

राहीबाईंनी आपली जुनी पद्धत काढली. नवरा हौसेराव माथाडी होता, तुर्भ्याच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलायचा. त्या काळात त्यांनी सगळा संसार पदराच्या गाठींवर केला होता. तेल आणायचं, एक गाठ. भाडं द्यायचं, एक गाठ. काम झालं की गाठ सुटली. आता सकाळचा चहा झाला की त्या पदराला दोन गाठी मारत, एक राजूची, एक गीतूची. एका दिवसाला एकच हट्ट. तो पुरवला की गाठ सोडायची, मग उद्यापर्यंत आजीला कान नाहीत.

पहिल्या दिवशी पोरांना गंमत वाटली. “आजी, माझी गाठ आहे ना अजून?” म्हणत गीतू दर तासाला पदर तपासून जायची. दुसऱ्या दिवशी तिने सकाळीच आइस्क्रीम खाऊन गाठ सोडवून घेतली आणि दुपारी तिला गुलाबी म्हातारीचे केस दिसले, तिच्या डोक्याएवढे. तिने आजीकडे पाहिलं. राहीबाईंनी मान हलवली. पोर रडेल, पाय आपटेल, मग बघू, असं त्यांना वाटलं होतं. पोर रडलीच नाही. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पुढे चालू लागली. त्या “बरं”ने राहीबाईंचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला. पण परीक्षा ती परीक्षा.

राजूचं दुखणं निराळं होतं. गेमच्या मशिनांपाशी त्याला मित्र भेटले. त्यातल्या वाशीच्या निशांतच्या कार्डाला मर्यादा नव्हती, तो हवा तितका वेळ मोटारी पळवायचा. राजूने एकदा कार्ड लावलं, हिरवा दिवा. दुसऱ्यांदा लावलं, लाल दिवा, वर चांगली मोठी शिट्टी. पोरं हसली. “तुझ्या कार्डात पैसेच नाहीत का रे?” कुणीतरी विचारलं.

तो लाल कान घेऊन आजीकडे आला. “आजी, तुझं कार्ड दे ना. एकदाच.”

“न्हाई.”

“घरी तर देतेस!”

“घर येगळं, बोट येगळी.”

“का पण?”

का, ते सांगायची सोय नव्हती. तुम्ही माझ्यापाशी राहावं म्हणून मी तुम्हाला नाही म्हणते, हे पोराला कसं सांगायचं? राजूने परक्या बाईकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी राहीबाईंनी नुसतं पोटापुरतं वाढून घेतलं. समोर चाळीस पदार्थ मांडलेले, आणि त्या ताकभातावर होत्या. पण चौथ्या दिवशी डेकवर क्षिप्रा त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, खरंच कमाल केलीत. मला नव्हतं वाटलं.” राहीबाईंना एवढा आनंद झाला की त्या दुपारी त्यांना रोजच्यापेक्षा गाढ झोप लागली. जिंकलो बाई, असंच वाटलं त्यांना.

बिल आलं उतरायच्या दिवशी सकाळी, दाराच्या फटीतून. प्रसादने पाकीट फोडलं, वाचलं आणि खाली बसला.

“आई, हे काय आहे? तुझ्या कार्डावर अकरा हजार चारशे. गेम झोन, गेम झोन, आइस्क्रीम, परत गेम झोन. रोज दुपारी तीन ते साडेचार.”

तीन ते साडेचार म्हणजे राहीबाईंची आडवं पडायची वेळ. गळ्यातली दोरी टोचते म्हणून त्या वेळी कार्ड काढून उशीजवळ ठेवायची सवय. राहीबाईंनी राजूकडे पाहिलं. राजू स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. विचारायची गरजच उरली नाही.

“बोल ना, आई. कार्ड कुणी वापरलं?”

खरं सांगितलं असतं तर राहीबाई सुटत होत्या. त्यांनी चार दिवस छातीवर दगड ठेवून शब्द पाळला होता. पण त्यांना आठवला नऊ वर्षांचा प्रसाद. चहाच्या डब्यातली दहाची नोट उचलून त्याने बर्फाचा गोळा खाल्ला होता. संध्याकाळी राहीबाईंनीच नवऱ्याला सांगितलं. दिवसभर गोणी वाहून आलेल्या हौसेरावने पोराला दंडाला धरून बाजारात माथाड्यांच्या टोळीसमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, “मी चोर आहे.” त्यानंतर प्रसाद आठ दिवस बोलला नाही. पुढे बोलला, शिकला, मोठा झाला, पण आईकडे त्याने कधी काही मागितलं नाही. एवढ्याशा पोराचं मागणंच संपलं. त्यालाच आज सगळे शिस्तीचा मुलगा म्हणतात.

“म्या दिलं,” राहीबाई म्हणाल्या. “पोरं मागत व्हती. माज्याच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई.”

“आणि त्या गाठी?” क्षिप्राचा आवाज चढला. “आम्हाला दाखवायला नुसतं नाटक? आई, मी काल तुमचं कौतुक केलं हो!”

“चार दिवस, आई,” प्रसाद म्हणाला. “फक्त चार दिवस सांभाळायचं होतं. पोरांना खोटेपणा शिकवतेस? लाज वाटते मला.” राहीबाईंनी खाली मान घातली. गीतू कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. राजू वाकून बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे संन्याशीण स्वतःहून फासाखाली जाऊन उभी राहिली होती.

पोरं पाचगणीला जाणार हे गाडी सानपाड्याला पोचायच्या आत नक्की झालं.

मे महिनाभर राजू आजीला टाळत राहिला. तिच्या हातचं धिरडं आवडीने खाणारं पोर भूक नाही म्हणायचं. राहीबाईंना त्याचा राग आला नाही असं नाही. एकदा दुपारी आला. आयुष्यात एवढं मन मारलं, त्याचं हे फळ, असं मनात आलं. पण बारीक होत चाललेली त्याची मान दिसली की राग पाण्यात मीठ विरघळावं तसा विरून जायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात क्षिप्राने त्यांच्याकडे शाळेचे गणवेश आणि एक फाइल दिली. प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवायची होती, किती कपड्यांवर ते फाइलमधल्या यादीत होतं. राहीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. यादी शोधताना हातात पावती आली. दोन्ही मुलांची फी, खाली प्रसादची सही, वर तारीख. बारा, दोन. म्हणजे बारा फेब्रुवारी.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोट एप्रिलात गेली होती.

परीक्षेचा निकाल परीक्षेच्या दोन महिने आधीच लागला होता. म्हातारी रडेल, हटून बसेल, म्हणून तिला चार दिवस कामाला लावलं होतं, रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. आणि ती मात्र पदराला गाठी मारत, जवळ असलेली पोरं दूर लोटत फिरली. पोरांसोबतचे शेवटचे मोकळे चार दिवस. त्या चार दिवसांत त्यांना पोटभर खाऊ घालता आला असता, हसवता आलं असतं. ते दिवस नाही म्हणण्यात गेले. राहीबाई हुंदका दाबत गणवेशात तोंड खुपसून बसल्या. प्रसादला जाब विचारावा, असंही वाटलं. पण विचारून काय मिळणार होतं? तो खाली बघेल, क्षिप्रा सॉरी म्हणेल, आणि पोरं जायची ती जातीलच.

तेवढ्यात राजू दारात आला. आजीला रडताना पाहून त्याचा बांध फुटला.

“आजी, मी पप्पांना सांगतो. कार्ड मी घेतलं होतं. माझ्यामुळे आम्ही जातोय. मी सांगितलं तर ते नाही पाठवणार आम्हाला.”

“इकडं ये,” राहीबाई म्हणाल्या. त्यांनी पावती त्याच्या पुढ्यात धरली. “तारीक वाच. तुमचं जायाचं आदीच ठरल्यालं. तुज्यापायी काय बी झालं न्हाई, लेकरा.”

राजूने वाचलं. “म्हणजे खरंच माझ्यामुळे नाही?”

“खरंच न्हाई. पन कुनाला सांगू नगंस, ह्यो कागद बगितला म्हून.”

त्याने नाक पुसलं. महिन्याभरात पहिल्यांदा तो आजीला बिलगला, आणि पाच मिनिटांत सायकल घेऊन खालीही गेला. त्याचं ओझं उतरलं होतं. राहीबाईंनी पावती फाइलमध्ये होती तिथे लावली आणि सुई ओवायला घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी क्षिप्रा हळव्या आवाजात म्हणाली, “आई, आज घेऊन द्या त्यांना हवा तो खाऊ. आज मी काही बोलणार नाही.” तिचेही डोळे सुजले होते. राहीबाई दोघांना घेऊन सोसायटीखालच्या दुकानात गेल्या. दुकानदार कुंदन ओळखीचा, त्याने सगळ्या बरण्या पुढे ओढल्या. राजूने एक पुडी उचलली, दुसरी उचलली, तिसरीकडे हात नेला. गीतूने त्याचा हात धरला.

“एकच घे, दादा. जास्त घेतलं की आजीला ओरडतात.”

राजूचा हात तिथेच थांबला. त्याने दोन पुड्या जागच्या जागी ठेवून दिल्या.

“घ्या रं, पायजे तेवडं घ्या,” राहीबाई म्हणाल्या. “आता मला कोन वरडायचं ऱ्हायलं न्हाई.” पण पोरांनी ऐकलं नाही. एकेक पुडी घेऊन दोघं गाडीकडे चालू लागली.