कुमुदताईंनाच बोलू द्या

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये कुमुदताईंच्या हॉलमध्ये अकरा वर्षं दर रविवारी मराठी ख्रिस्ती उपासना व्हायची. कुमुदताई निवृत्त नर्स, मूळच्या नगरच्या. या मूठभर मंडळीला पाळक कधी मिळालाच नाही, म्हणून बायबलातलं वचन त्याच समजावून सांगायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग मरीन परेडला राहणारा प्रबोध साळवे मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, नेमला गेला.

त्या रविवारी ताई फिबी नावाच्या बाईविषयी बोलल्या. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेलं पत्र समुद्रापार हिनेच नेलं असावं, असं पुष्कळ जण मानतात. "पत्रातलं काही कळलं नाही तर लोक कुणाला विचारणार?" त्या हसून म्हणाल्या. "जिने आणलं तिलाच ना?"

चहा झाल्यावर प्रबोधने त्यांना बाजूला घेतलं. "ताई, राग मानू नका. बायकांनी मंडळीत शिकवू नये, हेही पौलाच्याच पत्रात आहे. पुढच्या रविवारपासून मी घेत जाईन. तुम्ही चहापाण्याचं बघा."

ताई कप विसळायला गेल्या.

बुधवारी मंडळीतला उत्तम गेला. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये वाफेचा पाइप फुटला आणि हा इंजिनियर नेमका समोर उभा होता. सेंगकांगच्या फ्लॅटवर त्याची बायको ऋचा आणि सहा वर्षांची जाई, दोघीच राहिल्या.

"मला त्यांना बघायचंय," ऋचा एकच हेका धरून होती.

"पेटी बंदच राहील," शवागाराच्या दारातूनच परतलेल्या प्रबोधने सांगितलं. "बायकांना सोसवायचं नाही ते."

ताई त्याला न विचारता शवागारात गेल्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनेही असं शरीर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तिथल्या माणसाकडून कोमट पाणी मागून घेतलं.

बाहेर आल्यावर त्या ऋचाजवळ बसल्या. "खोटं नाही सांगत, बाळा. चेहरा बघू नकोस. तो आता उत्तमचा राहिला नाही. पण उजवा हात धड आहे. मी धुऊन ठेवलाय."

पांढऱ्या चादरीबाहेर तेवढा एक हात होता. ऋचाने तो गालाला लावला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. रडली नाही. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

शनिवारी दहनगृहात प्रबोध पवित्र शास्त्र घेऊन पुढे झाला, तशी ऋचा उठली. "प्रबोधदादा, कुमुदमावशींनाच बोलू द्या."

"ऋचा, ही वेळ हट्टाची नाही."

"ह्यांना शेवटचा हात कुणी लावला? तुम्ही तर दारातूनच परतलात."

प्रबोधचा चेहरा पडला. तो बाहेर गेला आणि त्याच्यामागे सात-आठ जण उठले. काहींच्या बायका घुटमळल्या, मग त्याही गेल्या.

उरलेल्या पाच माणसांसमोर ताई बोलल्या. "प्रभूला धरून नेलं तेव्हा शिष्य पळाले. बाया वधस्तंभापाशी थांबल्या. मग सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेल्या, कारण ते शरीर त्यांच्या माणसाचं होतं. त्यांनी परत येऊन जे सांगितलं, त्याला शिष्य बडबड म्हणाले. तरी त्यांनी सांगितलं." मग त्यांनी पेटीवर हात ठेवला. "उत्तम, पोरा, जा."

जाईने ऋचाचा हात ओढला. "Mamma, Pappa inside there, is it?"

ऋचाने तिला उचलून कडेवर घेतलं.

उत्तमबरोबर त्याचा कामाचा पास संपला आणि त्यावरचा ऋचाचा तिथे राहण्याचा परवानाही. महिन्याच्या आत मायलेकी संगमनेरला परतल्या. विमानतळावर ऋचा म्हणाली, "माझ्यामुळे तुमची मंडळी गेली, मावशी."

"तुझ्यामुळे नाही गं," ताई म्हणाल्या.

उपासना आता मरीन परेडला प्रबोधच्या कॉन्डोत भरू लागली; दहनगृहात थांबलेलेही तिकडेच वळले. व्हॉट्सॲप ग्रुपमधून ताईंचं नाव कुणी काढलं, ते त्यांना कधी कळलं नाही.

तिकडे उपासना भरली त्या पहिल्या रविवारीही त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि साडेदहापर्यंत वाट पाहिली. लिफ्ट दोनदा मजल्यावर थांबली, दोन्ही वेळा शेजारी उतरले. तेवढ्यात हॉस्पिटलमधल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. रत्नागिरीचा एक खलाशी पाय चिरडून दाखल झालाय, मराठीखेरीज काही धड बोलत नाही, पाय काढावा लागणार हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"कुठल्या वॉर्डात?" ताईंनी विचारलं, आणि खुर्च्या तशाच ठेवून त्या निघाल्या.