आड न येणारा उमेदवार

चिमणने ताडीचा दुसरा ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाला, "काकी, मी तुमाला काय देणार नाय."

बायजीने हातातलं मडकं खाली ठेवलं. एकोणीस सालची विधानसभा तोंडावर आली होती आणि अंगणात येऊन जाणारा प्रत्येक जण काही ना काही देऊन जात होता. कुणी पाण्याची टाकी दिली होती, कुणी समाजमंदिर. दिली म्हणजे तोंडाने. टाकीची वीट अजून पडायची होती.

"देणार नाय, मंग आलास कशाला?"

"तुमच्या आड येणार नाय, एवढं सांगायला. झाड तुमचं, मडकं तुमचं, पिणारा त्याच्या पायाने येतो. मधे सरकारचं काय काम? निवडून आलो तर तिथे हेच बोलणार."

हे बोलणं बायजीच्या काळजात जाऊन बसलं. घोलवडच्या मागे, बोर्डीच्या रस्त्यावरून आत वळलं की तिचा पाडा. पाड्याभोवती खजुरीची झाडं. तिचा लाहू झाडावर चढून मडकी बांधायचा, सकाळी उतरवायचा आणि बायजी झाडाखाली बसून विकायची. झाड बापजाद्यांचं, पण ताडी काढायला परवाना लागायचा आणि खोडावर रंगाने नंबर पडायचा. बरं, नंबर असला म्हणून सुटका होती का? नाव नको. खाकी जीप यायची तेव्हा नंबरवाली नि बिननंबरची सगळीच मडकी फुटायची. रविवारी गुजरातेतून गाड्या भरून माणसं यायची, कारण तिकडे दारूबंदी. अलीकडे तो गिऱ्हाईक, पलीकडे गुन्हेगार. माणूस तोच, ताडीही तीच. हे कुठलं शहाणपण, असं बायजी येईल त्याला विचारायची.

तिचं राजकारण एवढंच होतं. आम्हाला देऊ नका आणि आमच्याकडून घेऊ नका. एकदा फुकटच्या शेळ्या वाटायला माणसं आली, तर हिने आपली शेळी परत पाठवली होती. दिलेली शेळी मोजायला परत येतात, मग शेळीबरोबर आपल्यालाही मोजतात, असं तिचं म्हणणं. लोक हसले. वर्षभराने शेळ्यांची तपासणी आली तेव्हा हसणारे कुठे गेले कोण जाणे.

चिमण तसा घरचाच. त्याचा बापही खजुरीवर चढणारा; बापाची मडकी फुटताना त्याने डोळ्यांनी पाहिलेली. पुढे चिकूचा टेम्पो चालवता चालवता पोरगा पुढारी झाला, मोठ्या लोकांत बसू लागला. यंदा अपक्ष उभा होता.

संध्याकाळी ताडीवाली मंडळी बायजीच्या अंगणात जमली. ह्या अंगणात जे ठरेल ते आजूबाजूचे पाडे ऐकत, म्हणून उमेदवारही इथे वाकून येत. हाल्या म्हणाला की चिमणने आजवर तीन पक्ष बदलले, त्याचा काय भरवसा. देवजीने त्याला गप्प केलं. पक्ष बदलला तर मडकं फुटत नाही, म्हणाला.

एवढ्यात भिकी आली. भिकी म्हणजे पाड्याची धवलेरी. लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय इथल्या कुणाच्या अंगाला हळद लागली नव्हती. ती तलासरीच्या बाजारातून आली होती आणि रागाने फणफणत होती. चिमणची गाडी बाजारात भोंग्यावर ओरडत होती म्हणे, की पाड्यापाड्यांत बिनलग्नाची जोडपी राहतात ही समाजाला लाज आहे. निवडून आल्यावर कायदा आणू. प्रत्येक जोडपं मांडवात बसलंच पाहिजे, भटजी आणि मंगलाष्टकांसकट.

आता ह्यात लाज कसली? इथे रीतच अशी. पोरीचं मन बसलं की ती त्याच्या घरी जायची. लग्न मग होईल तेव्हा होईल. गावजेवण घालायला जमलं की, भात चांगलं पिकलं की. एखाद्याची हळद पोराच्या हळदीबरोबर लागायची आणि बापलेक एकाच मांडवात पिवळे होऊन बसायचे. कुणी बोट दाखवत नव्हतं.

बायजीला तर ते वर्मी लागलं. काकांनी ठरवलेल्या नवऱ्याला नाही म्हणून ती एका सकाळी स्वतःच्या पायांनी लाहूच्या घरी आली होती. कुणी मला बसवलं नाही, कुणी उठवलं नाही, हा तिचा आयुष्यभराचा तोरा. केस पिकले तरी लग्न राहिलंच होतं, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. लाहूला काय वाटतं हे कोण विचारणार? तो जमिनीपेक्षा झाडावरच जास्त, आणि बोलणं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

"अर्धा गोड, अर्धा सडका," देवजी म्हणाला. "चिकू असता तर सडका भाग कापून टाकला असता."

"माणूस कापता येत नाय," बायजी म्हणाली.

मग बराच वेळ वाद झाला. हाल्याचं म्हणणं, सरळ नोटाचं बटण दाबू. देवजीचं म्हणणं, बाकीचे उमेदवार मडकं फोडायलाही येतील आणि चूलही मोजतील; हा निदान मडकं तरी सोडतोय. भिकी म्हणाली, माझ्या जागी भट बसवणाऱ्याला मी मत देईन तर खजुरीला आंबे लागतील. शेवटी सगळ्यांनी बायजीकडे पाहिलं. ती म्हणाली, त्याला तोंडावर विचारते, मग ठरवू.

तलासरीला भर दुपारी सभा झाली. मैदान भरलेलं. चिमणने मडक्यांवर झकास भाषण केलं, टाळ्या घेतल्या, आणि मग हात वर करून म्हणाला की आज एका जोडप्यापासून सुरुवात करू. बायजीकाकी आणि लाहूकाका एकमेकांना हार घालतील, बाकीचे त्यांच्या मागून येतील.

बायजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने शेजारी पाहिलं, तर लाहू कुणीतरी दिलेला हार हातात घेऊन उठून उभा राहिला होता. धुतलेला पांढरा सदरा त्याने सकाळी का घातला हे आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. चिमणने त्याला परस्पर विचारलं होतं आणि त्याने हो म्हटलं होतं.

ती ताडताड मंचावर चढली. हाराला हात लावला नाही, माइक घेतला.

"चिमण, तू माझ्या अंगणात बोललास, मडक्याच्या आड येणार नाय. मंग घराच्या आड का येतोस? झाड माझं आन नवरा सरकारचा काय रे?"

मैदान हसून लोटपोट झालं. चिमणचे कान लाल झाले. त्याच्या मागचा एक माणूस माइकची वायर ओढायला धावला, तर चिमणनेच त्याचा हात धरला.

"राहू दे. बोला काकी. मला जे बरं वाटतं ते मी बोललो. तुमाला पटत नसेल तर बोला, माइक चालू हाय."

आजवर कितीतरी मंचांसमोर बायजी बसली होती, पण आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याचा माइक चालू ठेवणारा हा पहिलाच. "तेच बोलायचं होतं," एवढं म्हणून ती खाली उतरली.

परतताना फाट्यापासून दोघं पायी निघाली. लाहू मागे रेंगाळत होता. त्याच्या हातात तो हार तसाच होता. टाकवतही नव्हता आणि गळ्यात घालवतही नव्हता.

"तुला न विचारता हो बोललो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच."

बरंच अंतर चालल्यावर तो म्हणाला, "पण मला हळद पायजे होती."

बायजी थांबली. "कधीपास्नं?"

"पयल्यापास्नं. तू नको बोललीस, मंग मी काय बोलू?"

कुणी कुणाचं परस्पर ठरवू नये म्हणून जी जन्मभर भांडली, तिने आपल्याच घरात दोघांचं ठरवून टाकलं होतं, आणि तेही एकटीने. चिमणने निदान त्याला विचारलं तरी होतं. तिला स्वतःची लाज वाटली, लाहूचा राग आला आणि रडूही आलं. पण रस्त्यात रडणाऱ्यांतली ती नव्हती. घराकडे न वळता ती तडक भिकीच्या दारात गेली.

भिकी म्हणाली, येडी झालीस काय, भात शेतात उभं आहे, आत्ता कुणी लग्न करतं का? बायजी म्हणाली, मुहूर्त लाहूने काढलाय, कधीचाच. तू गाणार की मी भट आणू? ह्यावर भिकीने जी शिवी दिली ती लिहिण्यासारखी नाही, पण मतदानाच्या आदल्या दिवशी ती आली आणि गळा मोकळा करून गायली. मंडप आंब्याच्या डहाळ्यांचा. भोंगा नाही, हार नाही. लाहू पाटावर बसला आणि हळद लावून घेताना त्याने डोळे मिटले ते किती तरी वेळ उघडले नाहीत.

हळदीच्या अंगाने शिवेबाहेर जायचं नसतं. दुसऱ्या सकाळी दोघं मताला निघाली तेव्हा भिकीने खूप अडवलं. बायजी ऐकेना, तेव्हा भिकीने नाइलाजाने, बाहेरची बाधा नको म्हणून, लाहूच्या हातात लोखंडाची कोयती दिली. मतदानाच्या शाळेच्या दारात पोलिसाने कोयती अडवली. नवरदेव आहे म्हटल्यावर त्याने ह्या पिकल्या केसांच्या नवरदेवाकडे पाहिलं, कोयती स्वतःच्या स्टुलाखाली ठेवली आणि दोघांना रांगेत पुढे घेतलं.

बायजीने चिमणचं बटण दाबलं; विरुद्ध बोलणारीचा माइक त्याने चालू ठेवला होता. तो पडणार हे तिला माहीत होतं. निवडून आला असता तर त्याच कायद्यावरून ती त्याच्याशी पहिली भांडली असती, हेही माहीत होतं. पिवळ्या बोटावर शाईची रेघ घेऊन ती बाहेर आली.

दूर रस्त्याच्या कडेला चिमणचं टेबल होतं. दोघांचे पिवळे चेहरे पाहून तो उठून सामोरा आला, हात जोडून हसला.

"म्हणजे काकी, शेवटी ऐकलंत माझं."

"तुझं नाय ऐकलं," बायजी म्हणाली आणि लाहूकडे बोट केलं. "त्याचं ऐकलं."

पाड्यावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. हळदीच्या माणसाने झाडावर चढायचं नसतं, म्हणून हळदीआधी बांधलेली मडकी सकाळी उतरवायची राहून गेली होती. ती भरून वाहत होती. ताडी नंबरांवरून ओघळत मुळाशी जात होती, आणि खाली मुंग्यांची रांग लागली होती. लाहू सवयीने झाडाकडे निघाला. बायजीने त्याचा हात धरून त्याला पाटावर बसवलं, आणि आपणही शेजारी बसली.