हलका चाप

मातिया मास्तर डोंगरावरून उतरले ते रस्त्याने नाही, ओढ्याच्या दगडधोंड्यांतून. ते स्वतः रजेवर असले तरी शाळा नुकती सुटली होती आणि रस्त्यावर त्यांच्याच वर्गातली मुलं होती. हातातली बंदूक त्यांनी नळी आभाळाकडे करून, छातीपासून लांब धरली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर रक्त.

"जवळ येऊ नका कुणी," ते फाटकातूनच म्हणाले. "भरलेली आहे. घोडा चढलाय आणि उतरत नाही."

मी अंगणाच्या पलीकडच्या खोलीत बंदुकांचे लाकडी दस्ते कोरतो. अलीकडचं दुकान तोमाज इन्झिंगरचं. आमच्या फेर्लाख गावात घरटी एक बंदूकवाला, पण कळीच्या, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्राच्या, कामाला तोमाजकाकांचं नाव होतं. आता त्यांचे हात थरथरायचे. मुलगा लोइझे छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून सून चिल्का त्यांच्या हाताखाली काम शिकत होती. पस्तिशीची बाई, पण म्हातारा तिला शाळकरी पोरीसारखं दटावायचा, आणि तीही उलट उत्तर द्यायला कमी करायची नाही.

तोमाजकाका दारात आले. "सोडून का नाही दिली गोळी हवेत?"

"घसरलो मी. नळी ओल्या मातीत रुतली, गच्च भरलीय. उडवली तर नळी फुटेल आणि माझं तोंड जाईल."

"मग तिथंच ठेवायची खडकावर."

"अळंब्या वेचायला पोरं येतात तिथं," मास्तर म्हणाले.

बंदूक एकनळी होती, काकांच्याच हातची, मधल्या बिजागरीवर मोडून काडतूस घालायची. पण पडताना मोडायचा खटका वाकून बसला होता; तो सुटा करायला जावं, तर पेचकसाचा धक्का घोड्याला बसणार. घोडा अंगठ्याने धरून हळूच उतरवावा, तर त्याचं शेपूटच तुटलं होतं. धरायला काही उरलं नव्हतं. नुसता तो गुळगुळीत पोलादी तुकडा मागे ताणून उभा. मास्तरांनी पाऊल टाकलं की तोही किंचित हलल्यासारखा वाटायचा.

"फोल्टी," काका मला म्हणाले, "वाळूची पेटी कामाच्या बाकासमोर ओढ."

बाकावरच्या व्हाइसच्या पोलादी जबड्यात चामडं लावून आम्ही बंदूक आडवी घेतली, तोंड वाळूकडे. व्हाइस मी आवळला. मास्तरांनी हात काढायचा होता, पण बोटं दस्त्याभोवती आखडली होती. त्यांना ती उघडता येईनात. मी एकेक बोट सोडवलं. प्रत्येक बोटाला आम्ही दोघे श्वास रोखत होतो. शेवटचं सुटल्यावर मास्तर भिंतीला टेकून खाली बसले.

"तुम्ही आत जा, बाबा," चिल्का म्हणाली.

"का? माझे हात नाही म्हणतात, डोकं अजून हो म्हणतं. आधी सांग, घोडा कशावर उभा आहे?"

"आता परीक्षा घेताय?"

"आताच. तोंडाने सांगितलंस की हात भलतीकडे जात नाही."

तिने ओठ ओले केले. "खिट्टीचं टोक घोड्याच्या खाचेत अडकलंय. चाप ओढला की टोक खाचेतून निसटतं. घोडा खिळ्यावर पडतो, खिळा काडतुसाच्या टोपीवर. टोपीत ठिणगी होते आणि दारू पेटते."

"मग ही साखळी तोडायची कुठं?"

"खाचेला हात लावायचा नाही. घोडा आणि खिळा, यांच्यामध्ये."

"हं. मग बघतेस काय?"

तिने यंत्राच्या जुन्या पट्ट्यातून जाड चामडं कापलं. घोडा आणि खिळ्यातली फट बोटभर रुंद. चिमट्याने चामडं धरून ती बाजूने वाकली. मी दस्ता दाबून धरला होता. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबलेला मला दिसत होता. चामडं आत शिरलं, वळलं, अर्ध्यावर अडलं. चिमट्याने पुढे जाईना. तिने चिमटा ठेवला आणि बोटाने रेटू लागली.

"बोट नको," काका म्हणाले.

"थोडंच राहिलंय."

कुणी चापाला शिवलं नव्हतं. व्हाइसला धक्का लागला नव्हता. घोडा आपोआप सुटला.

टक् नाही झालं. ओल्या फळीवर मुठीने मारावं तसा दबका आवाज झाला. चामडं अर्ध्यावरच होतं. उरलेल्या अर्ध्यात तिचं बोट होतं.

ती ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तिने बाकाची कड धरली.

"कुणी हलू नका," काका हळू आवाजात म्हणाले. "खिळा टोपीला टेकला असेल तर दारू उशिराही पेटते. थांबा."

आम्ही थांबलो. शेजारच्या दुकानात कानस चालू होती, तीही थांबल्याचा भास झाला. मास्तर बसल्या जागी काहीतरी पुटपुटत होते. चिल्काचं रक्त खिळ्यावरून ओघळून लाकडावर पडत होतं, आणि माझ्या मनात आलं की हा अक्रोडाचा दस्ता मीच कोरलाय.

"आता?" मी विचारलं.

"आता खटक्याचा स्क्रू काढ. नळी मोडली की काडतूस खिळ्यापासून लांब जाईल. घोड्याला आत्ता उचलू नकोस, हातातून निसटला तर पुन्हा आपटेल."

"मी सुतार आहे, काका."

"मग लाकडाचा समजून काढ," चिल्का दातावर दात ठेवून म्हणाली. "डावीकडे फिरव. जोर नको, आधी नुसता बसव."

स्क्रूची खाच बुजली होती. पहिल्यांदा पेचकस निसटला. दुसऱ्यांदा तो कुरकुरत फिरला. वाकलेला खटका हातात आला, काकांनी पंजाने नळी खाली दाबली आणि बंदूक मधोमध मोडली. काडतूस मी नखाने ओढून काढलं. टोपीवर मोहरीएवढा खळगा पडला होता. काकांनी तो पाहिला आणि काडतूस पाण्याच्या बादलीत टाकलं.

मग मी पेचकसाने घोडा उचलला. बोटाचं नख गेलं होतं, हाड वाचलं होतं. तिने बोट ॲप्रनमध्ये गुंडाळलं.

तिला घरी राहायला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बांधलेल्या हाताने बाकाशी हजर. तिने कळ सुटी केली आणि घोड्याची खाच भिंगाखाली धरली. खिट्टी जिथे अडकायची ती कड कागदासारखी पातळ उरली होती.

"झिजली?" मी विचारलं.

"झिजली नाही. चाप हलका व्हावा म्हणून कानसलीय." तिने भिंग काकांपुढे सरकवलं. काकांनी बराच वेळ पाहिलं. कानशीच्या रेघा उजवीकडून डावीकडे तिरक्या उतरत होत्या. आमच्या गल्लीत डावखुरा कारागीर एकच होता.

तिची विचारपूस करायला आलेले मास्तर टोपी हातात घेऊन दारात उभे होते. "मीच म्हटलं होतं लोइझेला," ते म्हणाले. "चाप लोण्यासारखा करून दे म्हटलं. तो नको म्हणत होता. मी दोनदा बंदूक परत आणली."

"त्याने नाही म्हणायला हवं होतं," काका म्हणाले.

"आजारी होता तो," चिल्का म्हणाली.

"आजारी माणसाची कानस आजारी नसते." म्हातारा उठला आणि मागच्या खोलीत गेला. आम्ही त्याच्या मागे गेलो नाही.

तिने नवा घोडा घडवला, खाच खोल कापली, आणि घोडा चढवून हातोडीच्या लाकडी दांड्याने बंदूक पुन्हा पुन्हा ठोकून पाहिली. घोडा जागचा हलला नाही. मास्तरांनी चाप ओढून पाहिला. "हा ओढायला बैल लागेल."

"घेऊन जा एखादा," ती म्हणाली.

पण तिला झोप लागेना. लोण्यासारखा चाप एकट्या मास्तरांनीच थोडाच मागितला असणार? त्या शेवटच्या वर्षात लोइझे झटपट होणारी कामंच घेत होता, आणि चाप हलका करणं झटपट होतं. काकांना जेवढी नावं आठवली तेवढी त्यांनी सांगितली. बर्फ पडायच्या आत ती वरच्या वाड्यांवर घरोघरी गेली. कुणी बंदूक मुकाट दिली, कुणी हसलं. एका शेतकरणीने तिला दारातच धरलं. "माझ्या नवऱ्याची एवढी आठवण राहिलीय, ती पण कानसून टाकणार?"

"कानसून झालीय तीच भरून काढतेय," चिल्का म्हणाली. बाईने आत जाऊन बंदूक आणली, आणि सोबत डुकराच्या सुक्या मांसाचा एक तुकडाही.

एकेक करत बंदुका दुकानात जमल्या. निम्म्यांच्या खाचा ठीक निघाल्या. बाकीच्या तिने बदलल्या, आणि काकांनी प्रत्येक कळ आपल्या थरथरत्या बोटांनी चाचपल्याशिवाय जाऊ दिली नाही.

एक मात्र आली नाही. सेले गावचा उर्बान त्रापे म्हणतो, माझी बंदूक उत्तम आहे, हात लावू नका. दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना ती त्याला गाठते. परवा तो वैतागला. "किती दिवस मागे लागणार आहेस, बाई?"

"तू आणेपर्यंत," ती म्हणाली, आणि त्याच्या बायकोशी बटाट्यांबद्दल बोलू लागली.