चौथी खुंटी

विनितानं टेनिस बॉलचा रिकामा डबा उपडा केला आणि बाकावर तीन चिठ्ठ्या पडल्या. पहिल्या दोन वाचून तिनं फळ्यावर टाचल्या. तिसरी वाचली, कोर्टाच्या पलीकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठी ट्रॅकपँटच्या खिशात सरकवली. हात सरावाचा होता. रुमाल ठेवावा तितक्या सहज.

पलीकडे दामाजीकाका पाइपनं लाल मातीवर पाणी मारत होते. जानेवारीतला रविवार, सात वाजायला आलेले. खाडीवरून आलेलं धुकं बाळकुमच्या टॉवरांचे खालचे मजले गिळून बसलं होतं. वरचे मजले नुसतेच हवेत, कुणीतरी टांगून विसरल्यासारखे. काकाही कमरेच्या वरचेच होते. पाण्याची धार तेवढी पूर्ण दिसत होती, सावकाश, रोपांना जपून घालावी तशी. दुसऱ्या कोर्टाच्या जागी पूर्वी काकांच्या घरची, भोईरांची, भातखाचरं होती. बेसलाइनच्या खाली आमचा बांध हाय, असं काका नव्या मेंबरला एकदा तरी सांगत, आणि नवा मेंबर पुढचे चार दिवस बेसलाइनवर जरा हलका पाय ठेवी.

फळ्यावर एकोणीस खुंट्या, एकोणीस पाट्या. ही क्लबची शिडी. आपल्या वरच्या दोघांपैकी कुणालाही चिठ्ठी टाकायची, दहा दिवसांत मॅच व्हायची, खालचा जिंकला तर पाट्यांची अदलाबदल. शिडी सांभाळायचं काम विनिताकडे. तिच्या वहीत शिडीपेक्षा माणसंच जास्त होती. एकोणिसांपैकी खेळणारे अकरा, कारणं सांगणारे सहा, आणि दोघे फक्त आपली पाटी जागेवर आहे ना हे बघायला येणारे. तिसऱ्या खुंटीवरच्या महेंद्रची मान गेल्या वर्षात पाच वेळा लचकली होती. तीनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. पाचवी पाटी विनिताची स्वतःची.

चौथी दामाजीकाकांची. ती तीन वर्षं हललेली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी क्लबातल्याच सर्वेशनं काकांना सहा-शून्य, सहा-शून्य हरवलं. दुसऱ्या दिवसापासून काका यायचे बंद झाले. दोन महिने पाणी नाही, रोलर नाही. कोर्टाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. पगारी माणूस आणून पाहिला, त्यानं चिखल केला. मग एके सकाळी काका जणू कालच गेले होते असे आले आणि पाइप उचलला. कुणी काही विचारलं नाही. त्याच दिवशी विनितानं मनाशी ठरवलं, या माणसाला पुन्हा हरू द्यायचं नाही.

तेव्हापासून काकांच्या नावची चिठ्ठी आली की ती खिशात जाई, आणि टाकणाऱ्याला बाजूला घेऊन, "अरे, काका आहेत, राहू दे," एवढं सांगितलं की भागे. काकांनी स्वतः वर टाकलेल्या चिठ्ठ्याही तिथंच जात. "महेंद्रची मान, काका," ती सांगे. काका मान डोलावत. घरी कपाटात एका पाकिटात सगळ्या ठेवलेल्या. फेकवत नव्हत्या. आजची धरून बावीस.

"मॅडम, माझी चिठ्ठी कुठेय?"

मृणाल फळ्यासमोर उभी होती. डोंबिवलीहून, मानपाड्यातून, सहा महिन्यांपूर्वी इथल्या टॉवरमध्ये राहायला आलेली. आल्यापासून एकोणीसवरून सहावर.

विनितानं तिला बाकाकडे घेतलं. "अगं, काका आहेत. राहू दे ना. पुढच्या महिन्यात माझ्यावर टाक."

"काका आहेत म्हणजे? आजारी आहेत?"

"नाही गं. वय आहे."

"माझ्या आजीला मी कॅरममध्ये सोडत नाही. सोडलं तर ती जेवणार नाही."

"हे कॅरम नाही."

"पण नाव तर शिडीवर आहे ना त्यांचं?" मृणाल म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता ओल्या मातीच्या कडेकडेनं पलीकडे चालायला लागली.

विनिताला ऐकू काहीच आलं नाही. धुक्यात दोन अर्धी माणसं समोरासमोर उभी राहिली. मुलीचा हात फळ्याकडे झाला. मग पाण्याची धार बारीक होत होत थांबली. अर्धं कोर्ट भिजलेलं, अर्धं कोरडं. तीन वर्षांत काकांनी पाइप असा मध्येच कधी बंद केला नव्हता.

आठवडाभर विनिताला कोर्टाच्या भेगा दिसत राहिल्या. घोडबंदर रोडला गाडी अडकली की समोरच्या गाड्यांच्या लाल दिव्यांचं तळं हळूहळू तडकायला लागे. गुरुवारी तिनं काकांना गाठलं.

"काका, मॅच पुढे ढकलायची का? तुमचा गुडघा..."

"गुडघा तुझा वाजतो, बाय. मी ऐकलाय."

रविवारी ती खुर्चीवर चढून बसली, अंपायर म्हणून. धुकं त्या दिवशी इतकं खाली होतं की पलीकडची जाळी नव्हतीच. बॉल पांढऱ्यातून येई, लाल मातीवर एकदा ठप्प म्हणे आणि पांढऱ्यात जाई. काका धावत नव्हते. बॉल जिथं येणार तिथं ते आधीच असत, वाफ्यापाशी उभं राहावं तसे. मृणाल घामाघूम झाली.

"ओ काका, हा कुठला शॉट?"

"कंपनीतला. फिटर होतो मी. नटाखाली वायसर बसवायचा, तसा बसवायचा."

पाच-पाच. मृणालचा एक लांब फटका पलीकडच्या कोपऱ्यात पडला. विनितानं नीट पाहिलंही नाही.

"आउट!"

"आत हाय," काका म्हणाले.

"काका, आउट होता."

"लायनीच्या आत चार बोटं. पोरीचा पॉइंट हाय, पोरीला दे." ते नेटपाशी आले. "डोळे करून घेतलेत मी, विनिता. दोन्ही."

"कधी?"

"त्या सर्वेशनं धुतला ना मना, तवाच. अगं, मोतीबिंदू. दोन-दोन बॉल दिसायचे, आणि मी नेमका चुकीचा मारायचो. एक डोळा केला, मग दुसरा. दोन महिने काळा चष्मा लावून बसवलान सुनेनं. पाण्याजवळ जायचा नय, मातीजवळ जायचा नय." त्यांनी रॅकेटची तार बोटानं सारखी केली. "आता इथून तुझ्या फळ्यावरची पाटी वाचून दाखवू?"

मृणाल हसली. विनितानं स्कोअर सांगितला, तो चुकीचा होता. काकांनीच दुरुस्त केला.

सात-पाच, सहा-चार. मृणाल जिंकली. वाकून पाया पडायला गेली तर काकांनी रॅकेट मध्ये धरली.

"पाया नंतर. शेवटची सर्व्हिस कशी घातलीस, ते दाखव आधी."

मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी आपली पाटी स्वतः उतरवली. पाटीखाली तीन वर्षं झाकलेली फळ्याची जागा कोरी, फिकट होती. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली, मृणालची पाटी तिथं लावली आणि आपली सहाव्या खुंटीवर अडकवली. जरा मागं सरकून बघितलं. मग ते रोलरकडे निघून गेले.

सोमवारी ती कामावर जाण्याआधी कोर्टावर आली. माती ओली होती. मंगळवारीही. बुधवारी बघायला यायचं तिनं सोडलं.

पुढच्या रविवारी डबा उपडा केला तर एकच चिठ्ठी पडली. कंपनीच्या ड्रॉइंगवर असतात तशी ठाशीव, सुटी अक्षरं.

'क्रमांक ६ कडून क्रमांक ५ ला. पुढचा रविवार, सात. ही खिशात नको.'

विनितानं वर पाहिलं. धुकं होतं, टॉवर टांगलेले होते, आणि पलीकडे, पूर्ण कोर्टाच्या अंतरावर, काका पाठमोरे उभे राहून पाणी मारत होते. इथून तिथपर्यंतचं अंतर तिनं इतक्या वर्षांत कधी मोजलं नव्हतं. बावीस वेळा तिचा हात खिशाकडे गेला होता, आणि बावीसही वेळा ते तिथंच उभे होते.

तिनं टाचणी घेतली. चिठ्ठी आपल्या पाटीच्या खाली धरली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला.