एक दिवस आधी

"किल्ली ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाच्याच हातात द्यायची!" माजी सैनिकांचं मंडळ काढणाऱ्या सुभेदारांचे हे शब्द हवालदारकाकांच्या कानात अजून घुमत. पत्ते कुटायला घेतलेल्या या खोलीत आता परगावी गेलेल्या शेजाऱ्यांच्या बेचाळीस किल्ल्या टांगलेल्या असत.

दुपारी शेजारच्या नर्सबाई माहेराहून परतल्या. "काका, किल्ली द्या हो. प्रवासात डोळ्याला डोळा नाही लागला."

काकांनी वही पाहिली. "तुम्ही तर उद्या येणार आहात."

"अहो, आलेय ना! मागच्या महिन्यात तुम्हाला इंजेक्शन कुणी दिलं?"

"ओळख पटली. तारीख पटत नाही."

"मग इथेच कॅरमवर आडवी होते!"

पलटणीतले जुने स्वयंपाकी कोपऱ्यातून खो खो हसले. "अरे, रजेवरून लवकर हजर झाल्याचा अर्ज घे की लिहून!"

काकांचा चेहरा खुलला. बाईंनी हसत हसत अर्ज खरडला, काकांनी शिक्का मारला आणि कडक सलाम ठोकून किल्ली हवाली केली.

ऊन उतरल्यावर त्यांना आठवलं, बाईंच्या जाईला उद्यापर्यंत पाणी घालायचा शब्द आपण दिलाय. त्या तर आता गाढ झोपल्या असतील. काकांनी बूट दारातच काढले, झारी भरली आणि पाऊल न वाजवता ते बाईंच्या अंगणाकडे निघाले.