ठिपके अंधारात चमकतात का

विज्ञान केंद्राच्या मागच्या शेडमध्ये तो गोळा लाकडी चौकटीवर बसवून ठेवला होता. फायबरचा, माणसाच्या उंचीचा आणि अजून तरी कोरा करडा. फार दूरच्या एका बटुग्रहाची ती प्रतिकृती, म्हणून केंद्रात सगळे त्याला 'बटू' म्हणत. एक यान सावकाश खऱ्या बटूच्या जवळ चाललं होतं आणि मधून मधून आधीच्यापेक्षा जरा बरा फोटो पाठवत होतं. त्या फोटोंत बटूच्या अंगावर, एका खोल खड्ड्यात, शेजारी शेजारी दोन पांढरेशुभ्र ठिपके दिसत. ते काय आहेत हे कुणालाच कळलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

केंद्राचे प्रमुख बर्फ म्हणत होते. तिकीटखिडकीवरच्या बाई म्हणायच्या, मीठ. त्यांच्या ओल आलेल्या भिंतीवर अगदी तसंच फुटतं. वायरमनचं मत सगळ्यांत सोपं होतं. "वस्ती आहे. दोन दिवे चालू ठेवून झोपलेत. घरोघरी एकच तऱ्हा."

गोळा रंगवायचं काम तिचं, केंद्राच्या चित्रकाराचं, होतं. खडकाचा, बर्फाचा, गंजलेल्या लोखंडाचा रंग ती असा मिसळायची की माणसं हात लावून बघायची. ह्या वेळी मात्र तिचं घोडं दोन ठिपक्यांपाशी अडलं होतं. प्रमुखांना त्या जागी भोकं पाडून आतून बल्ब हवे होते. पोरं खूश होतील, पेपरात फोटो येईल. तिला ते पटत नव्हतं.

"बल्ब लावला म्हणजे ते आपलं आपण चमकतात असं आपणच सांगून टाकलं," ती म्हणाली. "बटू फिरतो, ती बाजू काळोखात जाते. तेव्हाही ठिपके चमकत राहतात की विझतात, ते बघायला नको?"

"ताई, तुमचं म्हणणं लाख मोलाचं," वायरमन हातातलं ड्रिल फिरवत म्हणाला. "मला फक्त एवढंच सांगा, भोकं पाडू की नको?"

"थांबा."

"थांबलोय. गेल्या सोमवारपासून थांबण्याचंच काम करतोय."

खरं तर तिचं लक्ष बटूवर नव्हतंच. तिच्या घरी दोन ठिपके निराळे होते.

लेक पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलेलं. एका सकाळी अंघोळीनंतर तिचं तोंड पुसताना आईच्या हातातला टॉवेल थबकला. डाव्या गालावर एक फिकट जागा होती, नखाएवढी. शेजारी तशीच आणखी एक. खाज नाही, दुखत नाही, पुसून जात नाही. खिडकीजवळ नेऊन बघितलं, दिव्याखाली बघितलं, चष्मा लावून बघितलं.

"आई, माझा गाल संपेल बघून बघून," भिंगरी म्हणाली.

घरातही सगळ्यांना कळलंच होतं. सासूबाई म्हणाल्या, जंत. त्यांनी त्याच दिवशी औषध आणलंसुद्धा. नवरा म्हणाला, "उन्हात उंडारते दिवसभर. बाकीची रापली, तेवढी जागा राहिली. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस." नणंदेचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे बाई असलं कुणाला काही नाही हं."

हे वाक्य ती भांडी लावताना, बसमध्ये, बटूला करडा हात मारताना पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. कारण तिच्याकडे होतं. तिच्या सख्ख्या मावशीला कोड होतं. हातांवर, गळ्यावर, ओठांच्या कडेला. मावशी बँकेत अधिकारी, खणखणीत बोलणारी, सगळ्या भाच्यांची लाडकी. पण घरातल्या एकाही फोटोत ती पुढे नसायची. आणि हिचं लग्न ठरत होतं तेव्हा माहेरच्यांनी मावशीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कोड लागत नाही, त्याने जिवाला काही होत नाही, हे हिला पक्कं ठाऊक होतं. कॉलेजात शिकली होती, वाचलंही होतं. पण लोक कसं बघतात हेही ती लहानपणापासून बघत आली होती. तो शब्द तिने नवऱ्यापुढेही उच्चारला नाही. मावशीला फोन करणं तर तिने बंदच केलं. भिंगरीला घेऊन ये म्हणाली तर?

नणंदेच्या मुलाचा वाढदिवस आला. घरभर माणसं असणार आणि माणसांना डोळे असणार. निघण्यापूर्वी तिने भिंगरीला आरशासमोर बसवलं, आपल्या फाउंडेशनच्या दोन बाटल्या काढल्या, तळहातावर थोडं थोडं घेऊन मिसळलं. किंचित पिवळं हवं होतं. मग किंचित लाल. कानाजवळच्या कातडीशी लावून बघितलं आणि बोटाच्या टोकाने कडा विरवल्या. ठिपके गेले. असे गेले की तिचं तिलाच शोधता येईनात.

वाढदिवसाला कुणी काही बोललं नाही. नणंदेने भिंगरीची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला, बघितला आणि सोडून दिला.

खरं तर तिथेच थांबायचं. पण दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि तिथे बाईंना डोळे होते. तिसऱ्या दिवशी तर भिंगरीच स्टुलावर चढून बसली. "आई, माझा गाल रंगव ना." मग रोजचंच झालं. दात, वेणी, गाल.

पंधरवड्याने एका संध्याकाळी तिने गाल धुतला आणि दिव्याखाली धरला. खालचा ठिपका मोठा झाल्यासारखा वाटत होता. की वरचा? कातडी कुठे संपते आणि रंग कुठे सुरू होतो, तेच तिला कळेना. इतके दिवस रोज सकाळी ती तो गाल जवळून बघत होती, आणि रोज सकाळी बघितल्या बघितल्या झाकत होती. ठिपके वाढताहेत की कमी होताहेत हे सांगू शकणारं घरात एकच माणूस होतं, आणि तिनेच स्वतःच्या डोळ्यांवर रंग फासला होता.

तिने त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

"मी येणार," सासूबाई म्हणाल्या. त्यांना नको म्हणायची घरात पद्धत नव्हती.

जायच्या दिवशी तिने भिंगरीचा चेहरा साबणाने दोनदा धुतला. डॉक्टर साधारण तिच्याच वयाच्या होत्या, घाईत नसलेल्या. त्यांनी गाल दोन बोटांत ताणला, अंगठ्याने चोळला, घरात कुणाला काही आहे का म्हणून विचारलं.

"आमच्याकडे कुणाला नाही," सासूबाई म्हणाल्या.

तिने भिंगरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दिव्याखाली बघू या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पडदा ओढला, खोलीतली ट्यूब बंद केली. हातात मूठ असलेल्या भिंगासारखा एक दिवा होता, त्यातून जांभळट उजेड येत होता. "घाबरू नका. कोड असेल तर ह्या उजेडात ते निळसर पांढरं लखलखतं. साधा कोरडेपणा असेल तर सहसा असं उजळत नाही."

शेवटी तो शब्द कुणीतरी उच्चारला होता. अंधारात तिला सासूबाईंचा श्वास ऐकू आला.

दिवा गालाजवळ गेला. आणि खालच्या ठिपक्याच्या कडेला, कोयरीच्या शेपटासारखी, एक रेघ लख्ख उजळली.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

एका क्षणात तिने भिंगरीचं पुढचं सगळं आयुष्य बघून घेतलं: शाळेचा गट फोटो, कॉलेजचा, बघायला आलेली माणसं, फोटोतली मागची रांग.

डॉक्टरांनी दिवा जवळ नेला, लांब नेला. "हे विचित्र आहे. रेघ ठिपक्यावर नाहीये, बाहेर आहे. गालाला काही लावलंय का?"

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"क्रीम? पावडर? काही गोष्टी ह्या उजेडात चमकतात, म्हणून विचारते."

"आई रोज रंगवते," भिंगरी म्हणाली. "छान रंगवते. कळतच नाही."

"मेकअप आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अंधारात फार मोठा वाटला. "शाळेत जाताना लावते. आज धुतलाय, पण राहिला असेल. आणि डॉक्टर, माझ्या मावशीला कोड आहे. सख्ख्या."

सासूबाई ह्या वेळी अगं बाई म्हणाल्या नाहीत. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर तेल घेतलं, गाल सावकाश, केसांच्या रेषेपर्यंत पुसला आणि दिवा पुन्हा लावला.

गालावर काहीच चमकलं नाही. दोन मळकट फिकट जागा होत्या, कडा नसलेल्या, जांभळ्या उजेडात जवळजवळ विरघळलेल्या. ती बघत राहिली. डॉक्टरांनी दिवा हलवला, तरी ती तिथेच बघत राहिली.

"आई, तुझे दात चमकतायत!" भिंगरी खिदळली. "आजी, तू हस. आजी, हस ना! हे काय, आजीचे नाही चमकत."

"माझे दुकानातले आहेत," आजी म्हणाली.

ट्यूब लागली. कातडी कोरडी पडून येणारे ठिपके, डॉक्टर म्हणाल्या, मुलांना पुष्कळदा येतात. लावायला मलम, भर उन्हात टोपी, आणि धीर. जायला काही महिने लागतील, मधे एकदा दाखवून जा. "आणि तो रंग बंद. झाकलंत तर वाढतंय की जातंय हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही."

बाहेर पायऱ्यांवर सासूबाईंनी चपला घातल्या आणि थांबल्या. आता मावशीचं निघणार, असं तिला वाटलं.

"म्हणजे ठिपके दिसेनासे झाले ते जंताच्या औषधाने नव्हे, तुझ्या रंगाने," सासूबाई म्हणाल्या. "मी समोरच्या बाईला गुण आला म्हणून सांगून बसले. तिने तिच्या नातवाला पाजलंसुद्धा."

ती हसली नाही. "आई, मावशीचं मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"मला ठाऊक होतं. तुझ्या लग्नात सगळा वेळ ती खांबाआड उभी होती. एवढी चांगली साडी नेसून माणूस उगाच खांबाआड उभं राहत नाही." सासूबाईंनी भिंगरीचा हात धरला. "तुम्ही विषय काढला नाहीत, मग मीही काढला नाही. चल, रिक्षा बघ."

घरी येऊन तिने मावशीला फोन लावला. सगळं सांगितलं, रंगासकट.

"बरं झालं," मावशी शेवटी म्हणाली. "खरंच बरं झालं गं. माझं पहिल्यापासून खडूसारखं पांढरं होतं, कडा अगदी कापल्यासारख्या. फोटो पाठवला असतास तर मी निदान सांगितलं असतं की हे माझ्यासारखं दिसत नाही. तेवढाच तुझ्या जिवाला आधार."

"सुचलं नाही," ती म्हणाली.

"सुचलं नाही की नको वाटलं?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. डॉक्टरांच्या खोलीत ट्यूब लागली तेव्हा तिला हलकं वाटलं होतं, ते लेक मावशीसारखी नाही म्हणून; आणि तीच मावशी फोनच्या पलीकडे बसून तिची विचारपूस करत होती.

"पुढच्या महिन्यात आमचा बटू मांडणार आहेत," ती म्हणाली. "तू ये. भिंगरीला भेट. नक्की ये."

"बघते," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये वायरमन ड्रिल घेऊन उभाच होता.

"नको," तिने सांगितलं. "आतून काही नको. बाहेरून एकच दिवा लावा, सूर्यासारखा. आणि गोळ्याला एक हँडल. ज्याला बघायचं त्याने फिरवून बघावं."

"आणि ठिपके?"

"पांढरे रंगवते. चमक नसलेल्या रंगाने. उजेडात असले की दिसतील."

प्रमुखांनी थोडी कुरकुर केली, पण पोरांना हँडल फिरवायला मिळणार म्हटल्यावर ऐकलं. पाटीवर लिहिलं, "हे काय आहे ते अजून नक्की माहीत नाही. यान जवळ जात आहे." वायरमनचा वस्तीवरचा हक्क अबाधित राहिला.

मांडणीच्या दिवशी मावशी आली. लांब बाह्यांचा ब्लाउज, गळ्याशी पदर. भिंगरी टोपी घालून, दोन ठिपक्यांचा उघडा गाल घेऊन हँडलला लोंबकळत होती. तिने ठिपके काळोखात नेले, उजेडात आणले, पुन्हा नेले. मग मावशीचा हात पकडून तिच्या मनगटाकडे निरखून बघितलं.

"तुझे माझ्यापेक्षा मोठे आहेत," ती म्हणाली. तिला ते मोठं भाग्य वाटलं असावं.

"मी मोठी आहे ना," मावशी म्हणाली, आणि बाही कोपरापर्यंत सारली. "हे बघ, इथपर्यंत."

वायरमनने फोटोसाठी सासूबाईंसकट सगळ्यांना गोळा केलं. मावशी सवयीने मागे सरकली. सासूबाईंनी मागे न बघताच तिचं कोपर धरलं आणि पुढे ओढलं.

"मावशी, जरा बाजूला," वायरमन ओरडला. "बटू झाकला जातोय!"

"जाऊ दे झाकला," मावशी म्हणाली, आणि हलली नाही.